चीज टोस्टला तोंडी लावायला काय?

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथं सकाळी पोह्यांवर तर्री पडते, दुपारच्या चहाला आलूबोंडा लागतो आणि पोटात भात गेल्याशिवाय जेवण झालं असं कोणी मानत नाही. अशा मुलखात संध्याकाळच्या ठेल्यांवर चीज सँडविच आलं आणि ठेल्यावरून ते घरच्या तव्यावर पोचलं. पवनी तालुक्यात धान पिकवणारे एक मामा आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठात अन्नतंत्रज्ञान शिकणारी त्यांची भाची, या दोघांचा त्यावरून स्वयंपाकघरात झालेला हा वाद. भाचीचं म्हणणं, चीज टोस्ट साधाच असावा. मामांचं म्हणणं, साधा टोस्ट आजाऱ्याला द्यावा.

मामा: आधी मला एक सांग बाई, ब्रेड हे काय खाणं आहे? आमच्या लहानपणी घरात ब्रेड आला की शेजारीण विचारायची, कोणाला ताप आहे? दवाखान्यातून परत येताना बसस्टँडवर घ्यायचा आणि दुधात बुडवून द्यायचा. तोच ब्रेड तू भाजून, त्यात चीज घालून पाहुण्यांच्या ताटात वाढून राहिली. गहू आपला नाही, चीज आपलं नाही.

भाची: तसं पाहिलं तर आलूबोंड्यातला आलूही आपला नव्हता, मामा. तर्रीतली मिरचीही समुद्रापलीकडूनच आली.

मामा: आली न. पण आल्यावर ती भिवापूरची झाली. पवनीच्या शेजारचंच भिवापूर. तिथल्या मातीत रुजली, तिला तिथला रंग आला, आणि आज त्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. आलूला आपल्या बायांनी बेसनात बुडवलं. बाहेरची वस्तू आपल्या हातानं बदलली की मग ती आपली. ब्रेड-चीजला आपला हात कुठं लागला? पाकीट फाडलं, भाजलं, खाल्लं.

भाची: हात लागतो तो भाजण्यात. तव्याजवळ या. ही ब्रेडची बाहेरची बाजू, हिला कडेपर्यंत लोणी. आत किसलेलं चीज. तुकडे नाही ठेवायचे, कीसच हवा, म्हणजे सगळीकडे सारखं वितळतं. कडेला अर्धं बोट जागा सोडायची, नाहीतर चीज वाहून तव्यावर करपतं. आणि गॅस अगदी मंद.

मामा: एवढा मंद? भूक मरून जाईल तोवर.

भाची: साठ-सत्तर अंशांना चीज मऊ होऊन वाहायला लागतं. ब्रेडला तांबूस रंग यायला त्याच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते. पण ब्रेडला ती तव्यातून थेट मिळते आणि चीजपर्यंत ती ब्रेडमधून हळूहळू जाते. आच मोठी केली तर बाहेर कोळसा आणि आत चीजचा कच्चा कीस. म्हणून मंद आच आणि वर झाकण. चीज सैल झालं की झाकण काढायचं, कारण कोंडलेल्या वाफेनं वरची स्लाइस नरम पडते. मग उलटायचं आणि दुसरी बाजू उघडीच भाजायची. ठेल्यावर टोस्टर दोन्ही बाजूंनी दाबतो, तिथं ही काळजी नसते. तव्यावर मात्र लक्ष द्यावं लागतं.

मामा: बरं, मग पनीर काहून नाही वितळत असं? तेही दुधाचंच आहे.

भाची: दूध कशानं फाडलं त्यावर ते असतं. पनीरला दूध उकळतो आणि लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालतो. त्या आंबटपणानं दुधातल्या प्रथिनांना जोडून ठेवणारं बरंचसं कॅल्शियम निघून जातं. उकळल्यामुळे, एरवी पाण्यात गेली असती ती प्रथिनंही गोळ्याला चिकटतात. हे जाळं उष्णतेनं सैल होत नाही. म्हणून पनीर तळलं तरी तुकडा तुकडाच राहतो. चीजसाठी दूध इतकं तापवत नाहीत. विरजण लावतात, मग रेनेट घालतात. त्यात कॅल्शियम बऱ्यापैकी टिकतं आणि ते जाळं गरम झालं की सुटतं. मोझरेलाला तार येते ती याच कारणानं.

मामा: रेनेट म्हणजे ते वासराच्या पोटातलं न? तुझ्या मामीनं कुठंतरी ऐकलं आणि तेव्हापासून ती चीजला हात लावत नाही. गळ्यात माळ आहे तिच्या.

भाची: युरोपात जुन्या काळी तेच वापरत, अजूनही काही चीजला वापरतात. पण आपल्याकडे हिरव्या ठिपक्याच्या पाकिटात येतं त्या चीजचं रेनेट बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांपासून मिळवलेलं असतं. मामीला पाकीट उलटून दाखवा. आणि तुम्ही म्हणता न, चीजला आपला हात लागला नाही, तर तेही खरं नाही. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असं परदेशी तज्ज्ञ सांगायचे. आणंदच्या हरिचंद दलायांनी १९५५ च्या सुमारास ती करून दाखवली. पुढं अमूलनं त्याच म्हशीच्या दुधाचं चीजही काढलं. जगात चीज म्हटलं की बहुतेक ठिकाणी गाय, शेळी, मेंढी. आपल्या देशात ते म्हशीच्या दुधातून घराघरांत गेलं.

मामा: म्हणजे गुजरातचा हात लागला. भंडाऱ्याचा अजून लागायचाच आहे.

भाची: तो लावू आपण. आधी चीज कोणतं ते ठरू द्या. ठेल्यावर चौकोनी क्यूब किसतात ते प्रोसेस्ड चीज. स्वित्झर्लंडच्या थून गावात वॉल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी १९११ मध्ये चीज जास्त दिवस टिकावं म्हणून त्यात सायट्रेट घालून ते वितळवलं. अमेरिकेत जेम्स क्राफ्टनं १९१६ मध्ये त्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, प्रथिनं मोकळी होतात आणि चरबीला सांभाळतात. म्हणून हे चीज तापल्यावर तेल सोडत नाही. जुनं मुरलेलं चेडर नुसतं भाजून पाहा, वर तेल तरंगतं आणि खाली चिवट गोळा बसतो. म्हणून टोस्टला साधा क्यूबच बरा. उगाच तीन-तीन चीज घालायचं कारण नाही.

मामा: चीज एकच ठेव, माझी हरकत नाही. पण आत दुसरं काही नको म्हणते, ते नाही पटत. मुंबईत टोस्ट सँडविच खाल्लंय मी. काय नसतं त्यात! हिरवी चटणी, उकडलेला आलू, बीट, काकडी, कांदा, टमाटर, वरून मसाला भुरभुरलेला. लोखंडी साच्यात घालून आगीवर उलटसुलट भाजतात. मग चीज किसतात. एक खाल्लं की दुपार निघते.

भाची: मुंबईचं सँडविच मलाही आवडतं. पण ते तसं का झालं, ते बघा. गिऱ्हाईक फुटपाथवर उभं असतं, हातात कागद, पाठीवर पिशवी आणि लोकलची घाई. त्याला ताट मांडून बाजूला चटणी, कोशिंबीर, भाजी कोण देणार? म्हणून सगळं तोंडी लावणं ब्रेडच्या आत गेलं. घरी आपण बसून खातो. वाट्या आहेत, ताट आहे. मग सगळं आत कोंबायची गरज काय?

मामा: गरज नाही, पण चव आहे न.

भाची: चव आहे, पण तिची किंमत द्यावी लागते. टमाटर-काकडीचं पाणी सुटतं, त्याची वाफ होते आणि ब्रेड आतून गिळगिळीत होतो. मुंबईचा सँडविचवाला हे ओळखून असतो. तो आधी स्लाइसला आतून लोण्याचा जाड थर देतो आणि मग त्यावर चटणी लावतो. लोण्यामुळे ओल ब्रेडमध्ये मुरत नाही. आपल्याकडं कितीतरी ठेल्यांवर लोणी वाचवतात, चटणी थेट ब्रेडवर लावतात आणि वर मेयोनीज पिळतात. मग शेव घालून कुरकुरीतपणा विकत आणावा लागतो. चीजची चव त्यात कुठं राहिली?

मामा: हे मात्र खरं. मागं एकदा ठेल्यावर खाल्लं, तर पहिले चार घास मेयोनीजचेच होते. चीज आहे की नाही, ते बिलावरच कळलं.

भाची: मग माझी मांडणी ऐका. टोस्ट साधा, बाजूला टोमॅटो सूप. अमेरिकेत लोक असंच खातात. इंग्लंडमध्ये चीज टोस्टवर वूस्टर सॉस शिंपडतात, चीजबरोबर आंबट-गोड लोणचं किंवा व्हिनेगरमधले कांदे घेतात. फ्रान्समध्ये तव्यावरच्या चीज सँडविचशेजारी आंबट रसातला हिरवा पाला असतो. सगळीकडे नियम एकच. चीज खारट, चरबीदार आणि मऊ. त्याच्या बाजूला आंबट पाहिजे, थोडं तिखट पाहिजे आणि दाताखाली काहीतरी करकरीत पाहिजे.

मामा: नियम बरोबर आहे. पण त्यासाठी पाकिटातलं सूप काहून? मक्याचं पीठ आणि साखर. त्यापेक्षा टमाटराचं सार कर. टमाटर उकडायचे, गाळायचे, तुपात जिरं, हिरवी मिरची, कढीपत्ता, चिमूटभर गूळ, वरून हिरवा सांभार. सूप म्हणजे तेच न?

भाची: सार पातळ असतं, मामा. त्यात टोस्ट बुडवला की विरघळतो. सूप दाट असतं, ते टोस्टला धरून बसतं.

मामा: बुडवायचं कशाला? दुधात ब्रेड बुडवून खायची ती तापातली सवय आहे, ती सोड. टोस्टचा घास घ्यायचा आणि वर साराचा घोट. भातावर वरण ओतून कालवतो तो भात, आणि शेवटी वाटीतून सार पितो तेही जेवणच. तुझा टोस्ट कुरकुरीत राहील आणि माझं सारही राहील.

भाची: हे मान्य. सार आलं, सूप गेलं. पण ठेल्यावरचं केचप तरी आपण दोघं मिळून नाकारू. त्यात आंबटापेक्षा गोड जास्त.

मामा: पोरं ऐकणार नाहीत. ते पोरांसाठी राहू दे. आता माझी पाळी. ब्रेडच्या आत फक्त जवसाची चटणी. कोरडी आहे, पाणी सुटायचा प्रश्न नाही. तुझा ब्रेड भिजणार नाही.

भाची: जवसात तेल, चीजमध्ये चरबी. दोन्ही जडच.

मामा: म्हणून तर तिच्यात लसूण आहे आणि भिवापुरी मिरची आहे. आणि भंडाऱ्याचा हात कुठं लागतो, ते इथं आहे. ब्रेडचा गहू आपला नाही, पण जवस धानाच्या बांधीतलं आहे. धान उभं असताना, कापणीच्या पंधरवडाभर आधी, त्याच ओलीवर जवस नाहीतर लाखोळी फेकायची. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान कापलं की खालून उतेऱ्याचं पीक वर येतं. भाजून, वाळली मिरची, लसूण, मीठ घालून कुटलं की चटणी तयार. घरात बरणी भरलेली असतेच. तूच घाल आणि खाऊन पाहा.

भाची: घालते, पण माझ्या पद्धतीनं. जवस एकदा भाजलेलं आहे. तव्याजवळ आलं तर दुसऱ्यांदा तापून कडवट होईल. म्हणून आधी अर्धा कीस, मध्ये चमचाभर चटणी, वर उरलेला कीस. चटणी चीजच्या पोटात राहील. हं, घ्या, आडवा कापलेला अर्धा तुमचा, अर्धा माझा.

मामा: काय म्हणते?

भाची: चांगलं लागतंय. चटणीचा रवाळपणा चीजमध्ये येतो, लसूण वर येतो आणि तिखट सगळ्यात शेवटी लागतं. चीजची चवही मरत नाही. तर्रीत बुडवला असता तर मात्र मेली असती.

मामा: तर्रीचं नाव मी काढलंच नव्हतं.

भाची: काढणार होता. मागच्या वेळी तुम्ही आलूबोंड्याच्या रश्श्यात चीज सँडविच बुडवलं होतं, मामीनं सांगितलंय मला. तर्री पोह्यांवर शोभते, कारण पोहे स्वतः सौम्य असतात. चीज आधीच खारट. तर्रीनं तिखट वाढलं, मीठ वाढलं आणि चीजचं नुसतं रबर राहिलं. याच कारणानं माझा लोणच्यालाही विरोध आहे. प्रोसेस्ड चीजमध्ये मीठ असतंच, शिवाय ते वितळवणाऱ्या क्षारांतूनही सोडियम येतं. त्यावर लोणच्याची फोड म्हणजे मिठावर मीठ. तुम्हाला तर रक्तदाबाची गोळी चालू आहे.

मामा: गोळी आहे म्हणूनच सांगतो, बिनमिठाचं तोंडी लावणं ऐक. हिवाळ्यात तलावातले ताजे सिंगाडे.

भाची: टोस्टबरोबर सिंगाडे?

मामा: हाव. कच्चे, सोललेले. तू म्हणाली न, दाताखाली करकरीत पाहिजे? सिंगाड्यासारखं करकरीत दुसरं काय आहे? वरून थोडासा गोड आणि भरपूर पाणी. एक घास खारट गरम चीज, एक सिंगाडा, तोंड साफ. आपल्या भागातले तलाव आठव. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी धानाच्या ओलितासाठी मातीची पाळ घालून बांधले. मालगुजारी तलाव म्हणतो आपण त्यांना. धानाला पाणी त्यातूनच जातं आणि ढिवर त्याच पाण्यात मासे धरतात, सिंगाडा लावतात. दिवाळीच्या मागंपुढं बाजारात टोपल्या येतात. उकडलेले काळे सिंगाडे सगळे खातात. कच्चे घे, हिरवे-लाल सालीचे.

भाची: हे मला सुचलं नसतं. पण बसतं बरोबर. इंग्लंड-अमेरिकेत चीजबरोबर सफरचंदाच्या फोडी खातात, त्या याचसाठी. करकरीत, रसाळ आणि मीठ अजिबात नाही. सफरचंदात आंबटपणा असतो, तो सिंगाड्यात नाही, एवढाच फरक. तो आंबाडीच्या लाल बोंडांतून आणता येईल. बोंडं गूळ घालून शिजवली की चटकदार चटणी होते. तीही हिवाळ्यातलीच. मीठ नाही घातलं तरी चालतं.

मामा: बघ, इंग्लंडच्या लोणच्याची जागा आंबाडीनं घेतली. आता ताक.

भाची: ताकाला नाही म्हणते. गार ताकाचा घोट घेतला की टाळूवर चीजची चरबी थिजते, मग जीभ फिरवत बसावं लागतं. त्यापेक्षा गरम चहा. खारट टोस्ट, गोड चहा, चांगलं जमतं.

मामा: हे तू आधी सांगितलं असतं तर अर्धा वाद वाचला असता. चहाला माझी कधी ना नव्हती. पण एक मोठी अडचण तू अजून काढलीच नाही. हे खाणं थांबत नाही. दहा मिनिटं झाली की चीज घट्ट, ब्रेड कातडं. रोवणीच्या दिवसांत शेतावर न्यायचं म्हटलं तर बांधीपर्यंत पोचायच्या आधीच संपलं. पोहे नेता येतात, भाकर नेता येते, हे नाही. आणि घरी कोण तव्याजवळ उभं राहतं? तुझी मामी. पाच जणांना एकेक गरम वाढत राहायचं आणि शेवटी स्वतःचा खायचा तेव्हा कोणी जवळ नसतं. पोळ्यांचं तेच, आता टोस्टचंही तेच.

भाची: ही तक्रार चीजवर नाही, घरावर आहे. तरी तोड आहे. एकाला एक टोस्ट द्यायचाच नाही. पहिला उतरला की त्याचे चार तुकडे, त्यातला एक तव्याजवळ उभा असेल त्याचा. तो खाईस्तोवर दुसरा भाजतो. तुकडा लहान, पण प्रत्येकाला गरम आणि प्रत्येक वेळी. आणि तव्याजवळ मामीच का? मंद आचेवर उभं राहायला तुम्हाला काय हरकत आहे? लक्ष ठेवायचं काम तर आहे. धानाच्या पऱ्ह्यांवर ठेवता तेवढंही नाही लागत.

मामा: अडकवलंस. ठीक आहे, पुढच्या खेपेला मी भाजतो. आता एकदा ठरव, काय काय मान्य झालं?

भाची: आत चीज आणि फार तर जवसाची कोरडी चटणी. ओलं सगळं बाहेर, वाटीत. खारट तोंडी लावणं बंद. पावसाळ्यात गरम सार, हिवाळ्यात सिंगाडे आणि आंबाडी, उन्हाळ्यात काकडी, नाहीतर कमी मिठाचा कैरीचा तक्कू. चहा बारा महिने.

मामा: दोन गोष्टी सोडून बाकी मान्य. ठेल्यावर गेलो तर मी आलू-बीट-चटणी आतच घालून घेईन, कारण तिथं मी उभा असतो, तुझ्याच हिशेबानं. आणि दुसरं, हे जेवण नाही. रात्री मला भात लागेल.

भाची: तांदूळ धुवून ठेवलाय. पण वरणात मीठ मी घालणार, मामा. आजच्या वाट्याचं बरंचसं तुम्ही चीजमधून खाऊन बसलात.